राणी दुष्ट का झाली? परीकथेतील पात्रांचे हेतू आणि प्रेक्षकांचे तर्क

आटपाट नगराच्या राजाला दोन राण्या असतात, एक आवडती आणि एक नावडती. नावडती ही नावडती का झाली, हे कहाणी सांगत नाही आणि ऐकणाराही विचारीत नाही. नावडतीचे मीठ आळणी, एवढे म्हटले की पुरते. युरोपातील परीकथांचीही रीत हीच. सावत्र आई दुष्ट असते, धाकटा मुलगा नशीबवान असतो, वाटेत भेटलेला ठेंगू काहीतरी अवघड मागणी करतो. 'का?' हा प्रश्न त्या जगात उद्भवतच नाही.

आज मात्र परीकथेचा वाचक वा प्रेक्षक सर्वांत आधी हाच प्रश्न विचारतो. हा बदल कसा घडला आणि त्याने काय साधले वा गमावले, याचा विचार आम्ही येथे एका मालिकेच्या आधारे करणार आहोत. 'वन्स अपॉन अ टाइम' ही मालिका अमेरिकेत एबीसी वाहिनीवर २३ ऑक्टोबर २०११ ते १८ मे २०१८ या काळात सात पर्वांत प्रसारित झाली. तिच्या चाहत्यांनी पात्रांच्या हेतूंविषयी जे तर्क लढवले, त्यांचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाने दुर्लक्ष करावे इतका क्षुल्लक नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम परीकथेच्या अभ्यासकांचे ऐकू. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन अद्भुतकथांची रचना उलगडून दाखवली. पात्रे बदलतात, परंतु त्यांच्या हातून घडणाऱ्या क्रिया त्याच राहतात, आणि अशा क्रिया एकतीस आहेत, हा त्यांचा सिद्धान्त सर्वपरिचित आहे. त्याच ग्रंथात त्यांनी हेतूंविषयी जे म्हटले ते तितके परिचित नाही. पात्राचा हेतू हा कथेतील सर्वांत अस्थिर घटकांपैकी एक होय, असे त्यांचे निरीक्षण होते. एकच दुष्कृत्य एका कथनात मत्सरापोटी घडते, दुसऱ्यात लोभापोटी, तिसऱ्यात त्याला कारणच नसते. कथा मात्र तशीच पुढे जाते. स्विस अभ्यासक मॅक्स ल्यूथी यांनी १९४७ मध्ये हीच गोष्ट वेगळ्या अंगाने मांडली. परीकथेतील माणसांना खोली नसते. ती सपाट असतात आणि त्यातच कथेची शक्ती असते, असे ते म्हणतात. थोडक्यात, हेतू ही परीकथेतील रिकामी जागा आहे.

रिकामी जागा भरण्याचा मोह मात्र जुना आहे. ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला. त्यातील हिमगौरीच्या कथेत मुलीच्या जिवावर उठणारी राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सख्खी आई बाळंतपणात मरते आणि तिच्या जागी सावत्र आई येते. 'हॅन्सेल आणि ग्रेटेल'मधील आईही १८४० च्या आवृत्तीत सावत्र झाली. कथेतील घटना जवळजवळ त्याच राहिल्या. बदलले ते दुष्टपणाचे स्पष्टीकरण. सख्खी आई असे वागेल हे संपादकांना सोसवेना, म्हणून नाते बदलून त्यांनी हेतू सुकर केला. 'सावत्र' हा एक शब्दच तेथे संपूर्ण उपपत्तीचे काम करतो.

लेखकाने मोकळ्या सोडलेल्या जागेत वाचकाने शिरण्याचा इतिहासही दूरदर्शनसंचाहून पुष्कळ जुना आहे. चार्ल्स डिकन्स १८७० साली वारले, तेव्हा 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' ही त्यांची कादंबरी अर्धीच राहिली. एडविनचे काय झाले, त्याचा काका जॉन जॅस्पर याच्या मनात काय होते, यावर वाचकांनी इतके तर्क केले की १९१४ च्या जानेवारीत लंडनमध्ये जॅस्परवर चक्क लुटुपुटीचा खटला भरवण्यात आला. न्यायाधीश होते चेस्टरटन आणि ज्यूरीचे प्रमुख बर्नार्ड शॉ! विद्यापीठीय समीक्षाही यापासून मुक्त नव्हती. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ च्या आपल्या ग्रंथात, वडिलांचा मृत्यू झाला तेव्हा हॅम्लेट कोठे होता, अशा प्रश्नांवर स्वतंत्र टिपणे जोडली. १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स यांनी, लेडी मॅकबेथला मुले किती, असा उपरोधिक प्रश्न आपल्या निबंधाच्या शीर्षकातच विचारून या पद्धतीची खिल्ली उडवली. पात्र म्हणजे शब्दांची रचना. तिच्यामागे जगलेले आयुष्य शोधणे व्यर्थ, हा त्यांचा आक्षेप आमच्या पिढीने एम.ए.च्या वर्गात जवळजवळ पाठच केला होता.

आता मालिकेकडे वळू. एडवर्ड किट्सिस आणि अ‍ॅडम होरोविट्झ हे तिचे निर्माते. दोघेही यापूर्वी 'लॉस्ट' (२००४ ते २०१०) या गूढ मालिकेच्या लेखकवर्गात होते. त्या मालिकेने प्रेक्षकांना आठवडाभर तर्क करण्याची सवय लावली होती, आणि तोच प्रेक्षक येथेही आला. कल्पना अशी : दुष्ट राणी रेजिना एक शाप उच्चारते आणि परीकथांमधील सगळी माणसे मेन राज्यातील स्टोरीब्रुक या गावात येऊन पडतात. ती कोण होती हे कोणालाच आठवत नाही, आणि गावात काळ थांबलेला असतो. मनोऱ्यावरचे घड्याळ सव्वाआठवर अडकलेले आहे. अठ्ठावीस वर्षांनंतर हिमगौरीची मुलगी एमा त्या गावात येते, राहायचे ठरवते, आणि घड्याळाचा काटा हलतो. प्रत्येक भागात दोन कथा समांतर चालतात, एक आजच्या गावातील आणि एक पूर्वीच्या अद्भुत राज्यातील. पूर्वकथा तुकड्यातुकड्यांनी आणि कालक्रम मोडून सांगितलेली. पहिल्या पर्वाचे बावीस भाग ऑक्टोबर २०११ ते मे २०१२ असे सुमारे सात महिने चालले. दोन भागांमधला आठवडा हीच तर्काची भूमी होती.

पहिला महत्त्वाचा तर्क गोल्डविषयी होता. हा गावातील सावकारी करणारा, गहाणवटीचे दुकान चालवणारा गृहस्थ. पूर्वीच्या राज्यात तोच रम्पलस्टिल्टस्किन, ग्रिमच्या कथेतील गवताचे सोने करणारा ठेंगू. पहिल्याच भागात एमाचे नाव कानी पडताच तो क्षणभर थबकतो. शापापूर्वी, कैदेत असताना, त्याने हिमगौरीकडून जन्माला येणाऱ्या मुलीचे नावच मोबदल्यात मागून घेतले होते. या दोन गोष्टी जोडून प्रेक्षकांनी अनुमान काढले : याला सर्व आठवते. दुसऱ्या भागात पुरावा वाढला. त्याने राणीकडून वचन घेतले होते की नव्या जगात मी 'कृपया' म्हटले की माझे ऐकायचे. गावात तो रेजिनाला तोच शब्द उच्चारून दाखवतो आणि ती निमूट बाजूला होते. फेब्रुवारी २०१२ मधील बाराव्या भागात त्याने आपले खरे नाव उच्चारले, तेव्हा तर्क सिद्ध झाला. पण खरा प्रश्न पुढेच होता. आठवत असूनही हा अठ्ठावीस वर्षे रचलेला डाव पुढे का चालू देतो? मुळात शाप तयारच का केला?

उत्तर आले ते हळूहळू. जानेवारी २०१२ मध्ये कळले की तो एके काळी भित्रा, गावाने हिणवलेला सूतकताई होता. चौदाव्या वर्षी मुलांना युद्धावर नेत असत; आपला मुलगा बेलफायर याला वाचवण्यासाठी त्याने काळी शक्ती स्वीकारली. एप्रिलमध्ये पुढचा दुवा मिळाला. जादूविरहित जगात जाऊन पुन्हा साधे जगू, असे मुलाने विनवले; वाट उघडलीही; पण ऐन वेळी बापाने शक्तीच्या मोहाने मुलाचा हात सोडला. मुलगा एकटाच दुसऱ्या जगात पडला. शाप रचला तो त्या जगात पोहोचून मुलाला शोधण्यासाठी. राणीचा सूड हे त्याच्या पश्चात्तापाचे केवळ वाहन होते. ग्रिमच्या कथेत ठेंगू राणीचे मूल का मागतो, याला फारसे उत्तर नाही. सजीव वस्तू मला धनाहून प्रिय आहे, एवढेच तो सांगतो. मालिकेने त्या एका उद्गारामागे मूल हरवलेला बाप उभा केला. ही भर आम्हांस खरोखर प्रतिभेची वाटते.

याच भागात तर्काची एक मर्यादाही दिसून आली. ऑगस्ट नावाचा एक परका गावात आला होता. हाच बेलफायर असावा, असे अनेक प्रेक्षकांना वाटत होते आणि गोल्डलाही तसेच वाटले. त्याने त्या तरुणाला कवटाळले, क्षमा मागितली, आपल्या शक्तीचा खंजीर त्याच्या हाती दिला. तरुणाने त्या खंजिराने त्याला हुकूम देऊ पाहिला, आणि गोल्ड सावध झाला. या जगात जादू चालत नाही, हे आपल्या मुलाला ठाऊक असते. हा आपला मुलगा नव्हे. ऑगस्ट हा पिनोकिओ निघाला. तो पुन्हा लाकूड होत चालला होता आणि जीव वाचवण्यासाठी खोटे बोलत होता. लेखकांनी येथे प्रेक्षकाच्या तर्काचे प्रतिबिंबच पात्रात दाखवले, असे म्हणावेसे वाटते. आपल्याला जे हवे असते त्याचेच पुरावे आपण गोळा करतो. पुराव्यातून सत्य निसटते ते हेतूशी न जुळणाऱ्या एका बारीक कृतीत.

याउलट नीलविषयीचा तर्क हेतूवरूनच बांधला गेला आणि खरा ठरला. नोव्हेंबर २०१२ मधील एका भागात एमाचा पूर्वीचा प्रियकर नील दिसला. ऑगस्ट त्याला एमाला सोडून जायला सांगतो आणि एका पेटीतील वस्तू दाखवतो. ती वस्तू प्रेक्षकांना दिसत नाही. पण नीलचा तत्काळ विश्वास बसतो. प्रेक्षकांनी विचारले : जादूची कथा ऐकून सामान्य माणूस हसला असता, याने मान का तुकवली? कारण तो त्याच जगातून आलेला असला पाहिजे. म्हणजे तोच बेलफायर. फेब्रुवारी २०१३ मध्ये हे अनुमान अक्षरशः खरे ठरले. ही वाचनाची उत्तम रीत आहे. पात्र जे बोलते त्यावर न थांबता, ते जे मानते त्याला आधार काय, हे तपासणे. नाटक शिकवताना आपण विद्यार्थ्यांकडून याहून वेगळे काय मागतो?

आता राणीकडे येऊ. ग्रिमच्या राणीला आरसा पुरतो. राज्यातील सर्वांत सुंदर कोण, हा तिचा एकच प्रश्न. रेजिनाचा द्वेष एवढ्याने उलगडेना. हिमगौरीने आपले काहीतरी हिरावून घेतले, असे ती पुनःपुन्हा सूचित करी. ते 'काहीतरी' म्हणजे प्रियकर असणार, असा अंदाज बऱ्याच जणांनी बांधला होता. एप्रिल २०१२ मध्ये उत्तर मिळाले. तरुण रेजिनाचे तबेल्यातील डॅनियलवर प्रेम होते. लहानगी हिमगौरी हे गुपित जपण्याचे वचन देते, पण मुलीच्या भल्याची आस असलेल्या आईला ते कळले पाहिजे या निष्पाप समजुतीने रेजिनाच्या आईला, कोराला, सांगून टाकते. कोरा रेजिनाच्या डोळ्यांदेखत डॅनियलचे काळीज चुरडून त्याला मारते.

येथून प्रेक्षकांत फळी पडली. एका पक्षाचे म्हणणे, मुलीचा दोष काहीच नाही. खुनी कोरा आहे, आणि आईवर उगवता न आलेला सूड रेजिनाने दुबळ्यावर उगवला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, दोष हा शब्दच येथे अपुरा आहे. जिचे आयुष्य उद्ध्वस्त झाले तिला न्याय कोणी दिला? मालिकेचा स्वतःचा कल दुसऱ्या बाजूकडे झुकत गेला. दुष्टता उपजत नसते, ती घडवली जाते, हे तिचे जणू ब्रीदच झाले.

परंतु हे ब्रीद एकदा स्वीकारले की थांबायचे कोठे? मार्च २०१३ मध्ये कळले की कोरा ही ग्रिमच्या कथेतील गिरणीवाल्याची मुलगी. हिमगौरीच्या आईने तरुणपणी तिला पाय घालून पाडले आणि अपमानित केले, आणि त्या अपमानातून तिची सत्तेची भूक वाढली. नोव्हेंबर २०१३ मध्ये कळले की रम्पलस्टिल्टस्किनला त्याच्या बापाने टाकले होते, आणि तो बाप म्हणजे पीटर पॅन. सहाव्या पर्वात, २०१७ साली, त्याच्या आईचीही पूर्वकथा आली. प्रत्येक दुष्टामागे आणखी एक दुष्ट, प्रत्येक जखमेमागे आणखी जुनी जखम. कारणांची ही साखळी मागे मागे जात राहते आणि शेवटी कोणाच्याच हाती जबाबदारी उरत नाही. प्रॉप ज्याला अस्थिर घटक म्हणाले, तो घटक येथे कथेचा आधारस्तंभ झाला, आणि त्या भाराखाली कथा वाकली, असे आम्हांस वाटते.

ती कोठे वाकली, हे दाखवण्यास एक पात्र पुरे आहे. ग्रॅहम हा गावचा पोलीस अधिकारी. पूर्वीच्या राज्यात तोच शिकारी, ज्याने हिमगौरीला मारण्याची आज्ञा मोडून तिला सोडले. शिक्षा म्हणून राणीने त्याचे काळीज काढून पेटीत ठेवले. तेव्हापासून त्याचे शरीर तिच्या ताब्यात. गावातही तिच्या शेजेवर तो असतो तो स्वतःच्या इच्छेने नव्हे. डिसेंबर २०११ मधील सातव्या भागात त्याला सर्व आठवू लागते, आणि त्याच क्षणी रेजिना ते काळीज चुरडून टाकते. डॅनियलचे मरण राणीच्या साऱ्या आयुष्याचे कारण ठरले. अगदी तशाच रीतीने घडलेल्या ग्रॅहमच्या मरणाचा हिशेब मात्र मालिकेने कधी नीट मागितला नाही. पुढे राणी सुधारते, एमाची मैत्रीण होते, प्रेक्षकांची लाडकी होते. ग्रॅहमला आई नाही, पूर्वकथा जेमतेम एका भागाची, आणि म्हणून त्याच्या बाजूने बोलणारा हेतूही नाही. काही जागरूक चाहते हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारीत राहिले, हे त्यांच्या वाचनाचे श्रेय होय. ज्याला पूर्वकथा मिळते त्याला सहानुभूती मिळते. ज्याला ती मिळत नाही तो दुसऱ्याच्या कथेतील एक प्रसंग होऊन उरतो.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. १९६७ या एकाच वर्षी महाभारताविषयीची दोन मराठी पुस्तके निघाली : शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' आणि इरावती कर्वे यांचे 'युगान्त'. दोन्ही एका अर्थी हेतूंचाच शोध घेतात. सावंत कर्णाला स्वतःच्या तोंडून बोलू देतात, आणि सूतपुत्र म्हणून सोसलेला प्रत्येक अपमान वाचकाच्या मनात साठत जातो. इरावतीबाई तर्क करण्यात कोणत्याही चाहत्याला हार जाणाऱ्या नव्हेत. युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र असावा, ही त्यांची शक्यता प्रसिद्धच आहे. मात्र ती मांडताना त्या मूळ ग्रंथातील दुवे समोर ठेवतात आणि शक्यतेला शक्यताच म्हणतात. कर्णाच्या बाबतीत त्या त्याच्या दुःखाला नाकारीत नाहीत, पण द्यूतसभेत द्रौपदीविषयी तो काय बोलला ते विसरूही देत नाहीत. कर्णाला शेकडो पाने मिळाली म्हणून द्रौपदीचा त्या सभेतील प्रश्न मिटत नाही.

हा मुद्दा आम्हांला वर्गात वारंवार आठवतो. खलपात्रावर प्रश्न घातला की अलीकडे बहुतेक उत्तरपत्रिकांत एक ठराविक वाक्य येते : त्याच्यावर अन्याय झाला होता म्हणून तो असा वागला. वाक्य चुकीचे नाही, आणि ज्या विद्यार्थ्याला माणसाच्या आतला इतिहास दिसू लागला त्याचे आम्हांला कौतुकच आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही खलपुरुषाला 'दुष्ट प्रवृत्तीचे प्रतीक' म्हणून मोकळे होत असू. त्यापेक्षा हे उत्तर निश्चित पुढचे. पण ते अर्धे उत्तर आहे. 'म्हणून' या शब्दाशी लेखणी थांबते, आणि ज्याच्यावर तो असा वागला त्याचे नाव उत्तरात येतच नाही.

नाइट्स यांचा आक्षेप आम्ही पूर्वी पाठ केला होता. आज तो आम्हांला संपूर्ण मान्य नाही. पात्राचा हेतू शोधणे हा वाचनाचा दोष नव्हे. नीलच्या झुकलेल्या मानेवरून त्याचे मूळ ओळखणारा प्रेक्षक संहितेपासून दूर गेला नव्हता, तो तिच्या अधिक जवळ आला होता. दोष निर्माण होतो तो हेतू सापडताच निकाल लागला असे मानण्यात. हेतू हे कृत्याचे स्पष्टीकरण आहे, कृत्याची फेड नव्हे. ग्रिम बंधूंनी आईच्या जागी सावत्र आई आणून एक स्पष्टीकरण दिले, मालिकेने सावत्र आईला प्रियकर देऊन दुसरे दिले. दोहोंच्या मध्ये सात वर्षांची ती मुलगी मात्र तशीच जंगलात पळत राहिली आहे.

परीकथेने हेतूची जागा रिकामी ठेवली, त्यामागे कदाचित अज्ञान नसावे. ऐकणाऱ्या मुलाचे लक्ष राणीच्या मनाकडे न वळता पळणाऱ्या मुलीकडे राहावे, एवढीच त्या जुन्या कथनकारांची इच्छा असेल. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना राणी दुष्ट का झाली हा प्रश्न विचारू नका, असे सांगणार नाही. उत्तर लिहून झाल्यावर शिकाऱ्याचे नाव त्यात आले आहे का, एवढे एकदा पाहून घ्या, असे मात्र अवश्य सांगू.